मुठीत थरथरणारी जॉयस्टिक

तारा जोडायला कथलाचा डाख देताना निघतो तो धुराचा वास आला की मला बीडमधलं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं. आई गेल्यावर घरात मी एकटाच उरलो होतो आणि संध्याकाळी गेममध्ये लढाऊ विमानं उडवत बसायचो. जॉयस्टिक घ्यायला गेलो, तेव्हा दुकानातल्या चाचांनी दोन पुढे ठेवल्या. एक नवी, हलकी होती. दुसरी जुनी, जड, आत मोटर असलेली. "ही धरून तर बघा, लई जिवंत हाय," म्हणत त्यांनी गेम लावला. विमान वळवलं तशी ती माझ्या हाताला उलटा जोर देऊ लागली. वेग कमी झाला आणि ती मुठीत बारीक थरथरली. शेवटच्या आजारात आईचा हात माझ्या हातात असाच थरथरायचा. "कावून थांबले, भाई? आवडली न्हाई का?" चाचांनी विचारलं. "हीच द्या," म्हणत मी पैसे काढले. पुढे कितीतरी संध्याकाळी मी विमान मुद्दाम हळू उडवत राहिलो, आणि दर वेळी हरलो. आता तो गेम खेळत नाही. पण तेव्हा मला लढाई जिंकायचीच नव्हती, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.