पुढच्या दिवसांच्या सह्या

देवासच्या एका कारखान्यात मी कारकून होतो, ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हात आत जाऊ नये म्हणून प्रेस मशीनला पुढून जाळी असते. ती रोज सकाळी तपासून शेडच्या सुपरवायझरनं रजिस्टरमध्ये सही करायची, आणि रजिस्टर शेडपर्यंत न्यायचं काम माझं. मी एक नंबरचा आळशी! एका सोमवारी त्यांना म्हटलं, "भाऊ, आठवड्याच्या सह्या एकदमच ठोकून टाका ना. रोज कोण पायपीट करणार?" ते हसले. "तू भी ना भिया!" म्हणत शनिवारपर्यंतच्या सहाही सह्या केल्या. मग तीच पद्धत पडली.

पुढे एका बुधवारी लोहारदा गावच्या एका कामगाराचा हात खांद्यापर्यंत प्रेसमध्ये गेला. जाळी निघालेली होती. इंदूरला नेईपर्यंत तो गेला. पोलिसांनी रजिस्टर उघडलं, तर गुरुवार, शुक्रवार, शनिवारच्याही सह्या तयार. भाऊंवर केस झाली.

मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचा नियम असा की ड्यूटीच्या कामातून केस झाली तर वकील कंपनी देणार. कुणी आपल्या मनानं काही केलं असेल तर त्याचं त्यानं निस्तरावं. साहेबांनी एवढंच विचारलं, "ये पहले से साइन करना ऑफिस का तरीका था, या उनका अपना?"

"मीच सांगितलं होतं" म्हटलं असतं, तर भाऊंना इंदूरचा चांगला वकील मिळाला असता. पण माझी नोकरी कच्ची, लग्न ठरलेलं. "त्यांचं स्वतःचं," मी म्हणालो. घ्या! एवढीच माझी मर्दुमकी.

भाऊंची नोकरी गेली. मनावर गावातला आपला जमिनीचा तुकडा विकून त्यांनी साधासा वकील केला. वर्षानुवर्षं कोर्टात पेशी, म्हणजे तारखा, चालल्या. प्रत्येक पेशीला मला वाटायचं, आज हे माझं नाव घेणार. बसस्टँडवर ते दिसले की मी रस्ता बदलायचो. ते रजिस्टर अजून माझा पिच्छा सोडत नाही. तो कामगार ज्या गुरुवारी जगात नव्हता, त्या गुरुवारीही जाळी ठीक असल्याची सही होती, आणि ती मी करवून घेतली होती.

निकालाच्या दिवशी मात्र राहवेना, कोर्टात गेलो. दोन वर्षांची शिक्षा झाली. शिपाई बाजूला उभा, आणि भाऊंनी माझा हात धरला.

"आलास, बरं वाटलं रे. वकील सारखा म्हणायचा, सह्या कुणी करायला लावल्या ते सांगा, शिक्षा कमी होईल. मी म्हटलं, जमणार नाही. साहेबांपुढं माझ्या बाजूनं कुणी बोललं असेल तर तो पोरगाच, त्याला कशाला अडकवू?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलला होतास ना?"

मी हो म्हटलं.