आप्पांकडचे आठ सेकंद

शिक्रापूरच्या वजनकाट्यावरच्या आप्पांमुळं मी दहावी झाले, हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मागाहून. आणखी एक सांगते, कुणाला खोटं वाटलं तरी चालेल. जगाच्या पाठीवर आजवर ज्या ज्या माणसानं दुसऱ्याच्या नाकावर रीतसर ठोसा मारला, त्या प्रत्येकाची खबर आप्पांना आहे. कोण कितव्या फेरीत पडला, पडताना कुठला पाय पुढं होता, उठल्यावर त्यानं पहिलं कुणाकडं बघितलं, सगळं. खुद्द आप्पांनी मात्र आयुष्यात कुणाला धक्का मारलेला नाही, एसटीत चढतानासुद्धा नाही. त्यामुळं त्यांचा सगळा प्रवास उभ्यानं होतो.

माझं गाव किनवटकडं, शिक्रापूरहून बारा-चौदा तासांवर. नववीत आई आजारी पडली, शाळा सुटली, आणि गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात कामाला म्हणून मी शिक्रापूरला आले. कंपनीची बस आप्पांच्या काट्यासमोर थांबते. पहिल्या दिवशी मी तिथं पिशवी छातीशी धरून उभी होते. केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं. "पोरी, जरा काट्यावर हो." मी घाबरून झाले. वाळूचे ट्रक ज्याच्यावर चढतात, त्या लोखंडी पाट्यावर मी एकटी. आप्पांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "चाळीस. नायतर पन्नास. काटा दहा-दहानंच बोलतो. म्हंजी तू लाइट फ्लायवेट. सगळ्यात चपळ जात. आता तिकडं सावलीत बस." घर सोडल्यापासून मला बस म्हणणारं हे पहिलं माणूस.

आप्पांना सगळं जग वजनगटांत दिसतं. वाळूचा डंपर हेवीवेट, कांद्याचा टेम्पो वेल्टर, पाण्याची टाकी रिकामी करून काट्यावर येणारा ड्रायव्हर म्हणजे लढतीआधी वाफेत बसून, थुंकून थुंकून वजन उतरवणारा मुष्टियोद्धा. असल्या ड्रायव्हरला ते रागवत नाहीत, उलट कौतुकानं विचारतात, "किती उतरवलं?" एकदा मी डब्यातलं लिंबाचं लोणचं त्यांच्यापुढं केलं, तर घास हातातच राहिला. पूर्वी हातमोजे नव्हते तेव्हा मुठीची कातडी टणक व्हावी म्हणून लढणारे मिठाच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये हात बुडवून ठेवायचे, असं सुरू झालं ते माझी बस येऊन गेली तरी संपेना. त्या दिवशी माझा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. आणि हे सगळं आलं कुठून? भेळेच्या कागदातून. चाळीस वर्षं पुडीचा कागद वाचल्याशिवाय त्यांनी टाकलेला नाही. ठोशाची ओळ दिसली की कात्रण काट्याच्या जुन्या पावतीपुस्तकात चिकटवायचं. काही कात्रणांवर अजून चटणीचे डाग आहेत. लढत प्रत्यक्ष मात्र त्यांनी एकही बघितलेली नाही. मोबाइलवर दाखवते म्हटलं तर म्हणाले, "त्यात मानूस पडतो आन् संपतं. का पडला, ते कुठं कळतंय?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी दौंडहून मोटरसायकलवर एक निवृत्त जमादार यायचे. सगळ्या पुणे जिल्ह्यात आप्पांच्या तोडीचा हा एकच गडी. चहा झाला की दोघं एकमेकांना जुन्या लढतींचे सवाल घालत. ज्याला उत्तर यायचं नाही त्यानं काट्याच्या पाट्यावर बसायचं, पडलेल्या मुष्टियोद्ध्यापुढं पंच मोजतो तसे समोरच्यानं दहा अंक मोजायचे, आणि दहाच्या आत उठायचं. मागं ट्रक हॉर्न देत असायचे.

"सहा... सात... उठा आप्पा, लोक बघत्यात!"

"गुडघा उठंना वो. सावकाश मोजा की."

"सावकाश मोजायला मी काय तुमचा जावई हाय?"

पण मोजायचे सावकाशच. मी कान देऊन ऐकलंय, आप्पांच्या वेळी जमादारांचा 'नऊ' फार लांब असायचा.

आता माझं. लाइनच्या साहेबांनी सांगितलं होतं, दहावी झालीस तर क्वालिटीत, माल तपासायला घेतो. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, अभ्यास केला, आणि परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी घंटा ऐकून माझे पाय गेले. आत जाता येईना. खोलीवर परत आले आणि सगळ्यांना सांगितलं, मला ताप आला होता. आप्पांपुढं मात्र ते खोटं माझ्या तोंडून निघेना. पुढच्या वर्षी मी पुन्हा फॉर्म भरला, पण मनाशी ठरवलं होतं, या वेळी परत फिरले तर पुस्तकं रद्दीत आणि आपण जन्मभर लाइनवर.

मराठीच्या पेपरच्या सकाळी बघते तर काट्याच्या केबिनला कुलूप. आजारपणातही न लागलेलं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून एसटीच्या थांब्यावर. शिरूरपर्यंत ते उभे, मी बसलेली, आणि रस्ताभर त्यांनी एकसुद्धा लढत सांगितली नाही, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली. फाटकाशी आलो. घंटा झाली. व्हायचं तेच झालं; मी फूटपाथच्या कडेला बसले ती बसलेच.

आप्पांनी खिशातून खडू काढला, ट्रकचं पुढचं चाक कुठं थांबवायचं त्याची खूण करायचा तोच, आणि फाटकात आडवी रेघ ओढली. "जुना नियम सांगतो. तवा दहा अंक नव्हते. गडी पडला की तीस सेकंद. मग मधल्या रेघंशी आपल्या पायानं यायचं. कुनी हात धरून आनला, तर हरला. म्हनून मी तुला हात द्यायचा न्हाई." बंदोबस्ताचा पोलीस धावत आला. "ओ बाबा, रेघा काय मारताय?" आप्पा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "साहेब, तीस सेकंद कडंला व्हा. एक. दोन."

वीसपर्यंत मी नुसती रडत होते. पंचवीसला पायातनं निसटलेली चप्पल सापडली. एकोणतीसला आप्पांना खोकला आला. बाटली काढली, पाणी प्याले, झाकण लावलं, आणि पुन्हा म्हणाले, "एकोनतीस." पोलीस म्हणाला, "ते झालं की मघाशी." "तुम्ही मोजताय का मी?" तेवढ्यात मी उठले आणि रेघ ओलांडली. मागनं पोलिसाचाच आवाज आला, "तीस!"

महिन्याच्या पहिल्या रविवारी जमादार आले, तेव्हा आप्पांनी त्यांना ही हकिगत मोठ्या ऐटीत सांगितली. जमादार चहा खाली ठेवून म्हणाले, "आप्पा, नियम अर्धा सांगितला. तीस सेकंद दम घ्यायचे. त्याच्यापुढं रेघंशी याया आनखी आठ." आप्पा पावतीपुस्तकं चाळत राहिले. मग पाट्यावर जाऊन बसले. जमादार म्हणाले, "असू द्या, पोरगी गेली ना आत." "न्हाई. मोजा." दहा झाले आणि आप्पा उठले नाहीत, आम्ही दोघांनी धरून उठवलं. संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात, चपला न काढता. "पोरी, माझी चूक झाली. तुझे आठ सेकंद माझ्याकडं राहिले. लागतील तवा माग."

मी ते अजून मागितलेले नाहीत. निकाल लागला, क्वालिटीत घेतलं, आता तर कंपनीनं दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात पाठवलंय. इथली भाषा कळत नाही, मीटिंगच्या दाराशी अजून पाय जातात. तेव्हा मनात म्हणते, घाई नाही, आपले आठ आहेत शिक्रापुरात, आणि आत जाते.

जमादार गेल्या पावसाळ्यात वारले. काट्यावर आता कॅमेरा आलाय, पावती आपोआप निघते. आप्पा फक्त खडूनं खूण करायला म्हणून येतात. फोनवर विचारलं, रविवारी काय करता? म्हणाले, "सवाल मीच घालतो, उत्तर मला येतंयच. मज्जा न्हाई." म्हणून कबूल करून ठेवते. या माणसाला मी एक दिवस खरीखुरी लढत दाखवणार आहे, रिंगच्या दोरांच्या अगदी जवळच्या खुर्चीवर, घाम उडेल इतक्या जवळून. जाताना एसटीत त्यांच्यासाठी जागा धरायला धक्के मीच मारीन. तोवर आप्पा, तुमचे अंक चालू असतील तर चालू द्या. फक्त एकोणतीसला थोडं पाणी प्या.