मल्हारगंजातली टीकेवाली

कामाच्या पहिल्याच दिवशी मल्हारगंजातल्या एका घराच्या ओट्यावर पद्मजा सबनीसनं पाय ठेवला, तर आत गादीवर लोळत पडलेला एक तरुण उठायची तसदी न घेता म्हणाला, "बाई, जरा हवा आने दो."

पद्मजा चटकन बाजूला झाली. उन्हाळा तोंडावर आलेला. दारात उभं राहून आपण बिचाऱ्याचा वारा अडवला, असं वाटून ती वर "माफ करा हं" असंही म्हणाली. त्यावर तो तरुण तर हसलाच, पण समोरच्या दुकानातले दोघे-तिघेही पोट धरून हसायला लागले. खात्याचा चपराशी रघुवीर तिची औषधांची पेटी घेऊन मागे उभा होता. त्यानं मान खाली घातली. गल्लीचं वळण गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाईजी, त्याला हवा नव्हती पायजे. तो बोलला, चल निघ इथून."

पद्मजाला हसूही आलं आणि रागही आला. ती मूळची वाईची. तिच्या माहेरी निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नसत, 'या' म्हणत. इथे माणसाला दारातून हाकलायला केवढी भाषा होती! कुणी म्हणे "आगे बढ़ो", कुणी म्हणे "रस्ता नापो", कुणी म्हणे "पतली गली से निकल लो". माळव्यातल्या म्हाताऱ्या हात झटकून म्हणत, "परी जा, बई, परी जा." त्यात तरी एक सरळपणा होता. तिला खरा घाम फोडला तो आपल्याच मराठी घरांनी. तिथे पाणी मिळे, गूळ मिळे, बसायला पाट मिळे, आणि मग घरातली बाई गोड हसून म्हणे, "आज सोमवार ना, आज नको. पुन्हा या हं." सोमवार संपला की एकादशी यायची. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं. 'पुन्हा या' म्हणणारीशी काय भांडणार?

काम होतं देवी टोचण्याचं, इथल्या बोलीत 'टीका' लावण्याचं. मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं, आणि पडदा पाळणाऱ्या घरांत पुरुष टोचणाऱ्यांना कुणी आत घेत नसे, म्हणून आरोग्य खात्याला बायका हव्या होत्या. पद्मजाचे यजमान लक्ष्मीकांत विषमज्वरानं गेले त्याला वर्ष झालं होतं. पण तिनं नोकरी धरली ती काही पोटासाठी नव्हे. सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, एकाच आठवड्यात. बहीण गेली. पद्मजा उरली, चेहऱ्यावर खोल वण घेऊन. त्या वणांपायी वाईत तिला कुणी पसंत केलं नाही आणि ती दूर इंदुरात बिजवराला दिली गेली. लक्ष्मीकांत माणूस चांगला निघाला, हे तिचं नशीब. पण बहिणीचा तापानं फुललेला हात ती कधी विसरली नव्हती.

घर स्नेहलतागंजात. सासरे नाना, धाकटा दीर बाबूराव, आणि ती. बाबूराव कचेरीत कारकून. एके दिवशी संध्याकाळी तो आला तोच धुमसत. ती चहा टाकायला उठली तर स्वयंपाकघराच्या दारातच आडवा उभा राहिला.

"वहिनी, हे काम बंद करा बरं. आज आफिसात दोघांनी मला टोकलं. सबनिसांची सून दारोदार फिरते म्हणे. आपल्या घराण्याची काही इज्जत आहे की नाही?"

"माझ्या फिरण्यानं इज्जत जाते?"

"जाते! लोक हाड-हाड करतात तुम्हाला. शोभतं का ते?"

पद्मजानं हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. बाहेर दिवसभर ऐकून घेतलं होतं, आता घरातही?

"भावजी," ती शांतपणे म्हणाली, "जरा हवा येऊ द्या."

बाबूराव इंदुरात जन्मला, वाढला. त्याला खिडकीकडे बघायची गरज पडली नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला. बाहेर नाना सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. मग नाना म्हणाले, "बाबू, बाजूला हो म्हणतात त्या. हो मग."

त्यानंतर महिनाभर बाबूराव तिच्याशी बोलला नाही. चहा मात्र घेत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मल्हारगंजात देवीची साथ आली. घराघरांच्या दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले. 'माता आली आहे, सुई लावली तर कोपेल' अशी भीती गल्लीत पसरली आणि उघडी असलेली दारंही मिटू लागली. त्या गल्लीत शब्द चालायचा तो ठाकूर उदयसिंहांचा. त्यांचं धान्याचं मोठं दुकान, मागे घर. ते 'हो' म्हणाले तर गल्ली हो म्हणणार, हे रघुवीरनं तिला सांगितलं होतं. म्हणून ती आधी त्यांच्याकडेच गेली.

उदयसिंह दारात बसले होते. तिला पाहताच त्यांनी काठी आडवी धरली.

"बाई, चलती बनो."

"घरात लहान मूल आहे तुमच्या. टोचून जाते."

"सुना नहीं? रस्ता नापो!"

पद्मजा वळली नाही. पदर सावरून ती त्यांच्याच ओट्याच्या कडेला बसली. रघुवीर घाबरला, "बाईजी, चला ना, ठाकूरसाब आहेत," असं कुजबुजला. तिनं ऐकलं नाही. माणसं जमली. ऊन चढलं. उदयसिंहांना काय करावं कळेना. बाईमाणसाला हात धरून उठवता येत नव्हतं. शेवटी ते ओरडले, "पहले अपनी शकल देख! ऐसी शकल लेकर म्हारे ही दरवाजे पर आई!"

गर्दीतून कुणी हसलं. वाईतल्या त्या नकार देणाऱ्या सगळ्या घरांची लाज एकदम वर आली. पण ती उठली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तोंड गर्दीकडे केलं.

"बघा," ती म्हणाली. "नीट बघा सगळ्यांनी. मला कुणी टीका लावला नव्हता. आणि ही मी तर वाचलेली. माझी बहीण गेली. आता बोला, कुणाला हसायचंय?"

तेवढ्यात आतून पैंजण वाजले. उदयसिंहांची सून प्रेमलता, छातीपर्यंत घुंघट ओढलेली, कडेवर मूल घेऊन उंबऱ्यापाशी आली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांसमोर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बासाब," ती सासऱ्यांना म्हणाली, "परा हटो. म्हारा छोरा के टीको लगाणो हे."

उदयसिंह हलले नाहीत. काठी तशीच आडवी होती. प्रेमलतानं वाट पाहिली नाही. ती काठी तिनं हातानं खाली दाबली, ओलांडली आणि पद्मजासमोर येऊन बसली. मूल रडलं, बोंबललं. पद्मजानं त्याच्या दंडावर सुई टोचली तेव्हा घुंघटाआडून प्रेमलताची बोटं तिच्या मनगटाला घट्ट धरून होती.

मग शेजारची एक आली, तिच्यामागून दुसरी. सगळी दारं उघडली नाहीत. कोपऱ्यावरच्या घरानं शेवटपर्यंत कडी काढली नाही, आणि त्या घरातली लहानगी साथीत गेली. पद्मजा तिच्या आईपाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिला कुणी जा म्हटलं नाही.

उदयसिंहांनी खात्यात तक्रार केली. साहेबांनी तिला बोलावलं. साहेब मराठीच, मवाळ माणूस. म्हणाले, "सबनीसबाई, कंप्लेंट मोठ्या माणसाची आहे. एवढं मनावर नका घेऊ. एकदा जाऊन माफी मागा, मॅटर क्लोज करून टाकू."

"नाही मागणार."

"मग तुम्हाला ऑफिसात बसवतो. पंख्याखाली काम आहे, आराम राहील."

"तेही नको. मला बाहेरचंच काम द्या, साहेब. मल्हारगंज माझ्याकडेच राहू द्या, आणि पलीकडची गल्लीही द्या. तिथे अजून कुणी गेलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. ती उभीच होती. बसा म्हटलं तरी ती बसली नाही आणि जा म्हणायची तर त्यांची हिंमत होईना. अखेर त्यांनी नवी गल्ली तिच्या नावावर टाकली. ती बाहेर आली तेव्हा रघुवीर पायऱ्यांवर वाट पाहत होता.

"काय झालं, बाईजी?"

"पेटी उचला," पद्मजा म्हणाली. "ऊन उतरायच्या आत चार घरं होतील."