पन्हळीवरचं तोंड

शहर बघायला येणारे मोठ्या चौकातूनच परत फिरत. मागची गल्ली कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. तिथल्या दारांवर गिलाव्यात घडवलेल्या वेली, पाखरं, वळणदार कमानी होत्या, सगळ्या मावशीच्या नवऱ्याच्या हातच्या. मावशी स्वतःही गवंडीच. तिच्या धाकट्या दिराने, म्हणजे ठेकेदाराने, परांचीला कुजक्या फळ्या दिल्या आणि नवरा त्यावरून पडून मेला. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत शेवटच्या घराच्या दारावर कारागीर म्हणून दिराच्या नावाचा दगड बसला. आयत्या बिळावर नागोबा!

मावशी भांडली नाही. उरलेलं काम तिने पुरं केलं आणि दगडाच्या बरोब्बर वर, गच्चीच्या पन्हळीला एक तोंड घडवलं. पाऊस आला की ते भडाभडा ओकायचं. दिराचा एक कान फाटका होता. त्या तोंडाचा तेवढा तिने मुद्दाम अख्खा ठेवला, आणि तोंड कुणाचं हे कुणालाच सांगितलं नाही.

बरीच वर्षं गेली. यंदा एक मुलगी दर रविवारी पाहुण्यांना ही गल्ली दाखवायला आणू लागली. समोरच्या सज्जात बसणारा म्हातारा ठेकेदार हादरला. तडक मावशीच्या दारात आला.

"वहिनी, माझं ते तोंड काढून टाका."

"तुमचं? भावजी, मी कधी म्हटलं तुमचं म्हणून?"

खाई त्याला खवखवे! मावशीचा आत्मा थंड झाला, पण पुरता नाही.

"तुम्ही नावाचा दगड काढा, मी तोंड काढते."

"दगड काढला तर लोक काय म्हणतील?"

"मग बसा ओकत."

दुसऱ्याच दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी ती परांची चढली. ठेकेदाराला वाटलं, वहिनी विरघळली. तिने छिन्नी लावली आणि कान फाडला.

रविवारी मुलीने विचारलं, "मावशी, हे कोण हो?"

"खाली नाव आहे की."

पाहुण्यांनी दगड वाचला, वरचा कान पाहिला, मग सज्जातला. गल्लीभर हशा पिकला.

ठेकेदाराने स्वतःच माणूस बोलावून दगड उखडला. त्या खोबणीत चपखल बसणारा, नवऱ्याच्या नावाचा दगड मावशीच्या पलंगाखाली कधीचा तयार होता.

शब्दाप्रमाणे तिने तोंडही काढलं. फेकलं मात्र नाही. आता ते तिच्या न्हाणीच्या पन्हळीवर आहे, सज्जाच्या अगदी समोर.