साठावा पेपर

परीक्षेवर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. अट एकच, परीक्षा दुसऱ्याची असली पाहिजे. बी.ए. झाल्यानंतर स्वतःच्या परीक्षेसाठी त्यांनी फी भरली ती एकदाच, १९४६ सालच्या एप्रिलच्या सतराव्या तारखेला. रक्कम दहा रुपये. तीही मी, माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण अक्का, म्हणजे साडूंची बायको, अशा तिघांनी समोर बसून फॉर्मवर सही करून घेतली तेव्हा. मी नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. तारीख, रक्कम आणि हजर माणसं लिहून ठेवायची मला सवय आहे. पुढे जे घडलं ते ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, म्हणून ही सवय इथे उपयोगी पडेल.

साडू साताऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. पण गणित हा त्यांचा चरितार्थ होता आणि सुपरव्हिजन हा धर्म. मॅट्रिकच्या केंद्रावर ते सलग बावीस वर्षं पर्यवेक्षक होते. परीक्षेच्या हंगामात ते अनवाणी फिरत, कारण वहाणा करकरल्या की पोरं सावध होतात. हात पाठीमागे, मान किंचित डावीकडे कललेली, आणि चाल अशी की मांजरानं शिकवणी लावावी. त्यांचं म्हणणं असं, की परीक्षेच्या हॉलमध्ये तीन आवाज असतात. एक सरळ मनानं उलटलेल्या पानाचा, दुसरा चिठ्ठी उलगडल्याचा, आणि तिसरा शेजाऱ्याच्या पेपरात बघणाऱ्याचा. "तिसरा आवाज कसला? बघण्याचा आवाज होतो का?" असं मी एकदा विचारलं. "त्याचा टाक थांबतो," ते म्हणाले. "साठ टाकांतला एक थांबला की मला ऐकू येतं." मी कचेरीत सहा कारकुनांवर हा प्रयोग करून पाहिला. आमच्याकडे सहाचे सहा टाक थांबलेलेच असतात, त्यामुळे काही निष्पन्न झालं नाही.

ही विद्या त्यांना हॉलबाहेर सोडता येत नसे. नाटकाला गेले की पहिल्या अंकात ते रंगभूमीकडे बघत आणि उरलेले अंक प्रेक्षकांकडे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात, वाईला, जेवणाची पंगत बसली तेव्हा दोन पानांतलं अंतर पुरेसं नाही म्हणून त्यांनी सत्तावीस माणसांना उठवून पाट सरकवायला लावले. मग वाढप्यांच्या मागोमाग ते पंगतीतून फिरू लागले. मुलीकडच्या एका वयस्कर काकांनी दोन जिलब्या रुमालात बांधलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी काकांचं पान अलगद उचललं आणि सगळ्यांच्या पुढे, एकट्यासाठी मांडलं. काका बिचारे तिथे जाऊन बसले आणि खाली मान घालून ताकभातापर्यंत जेवले. ते लग्न मोडलं नाही, हे आमच्या सासऱ्यांचं पुण्य.

असा माणूस परीक्षेला बसायला का तयार झाला, त्याला कारण होतं. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं साडूच शाळा चालवत होते, पण हंगामी म्हणून. कायम व्हायला बी.टी.ची, म्हणजे शिक्षणशास्त्राची, पदवी लागते असं वरून पत्र आलं. बी.टी. नसेल, निदान त्या वर्गात प्रवेशही मिळालेला नसेल, तर जूनपासून दुसरा मुख्याध्यापक नेमणार होते. बी.टी.च्या वर्गात जागा चाळीस, अर्ज त्याच्या कितीतरी पट, म्हणून त्या वर्षी आधी एक निवड-परीक्षा ठेवली होती. वयाची अट पंचेचाळीस, आणि साडूंना चव्वेचाळीस वर्षं आठ महिने झाले होते. म्हणजे पहिली संधी आणि शेवटची संधी एकच. ते टाळाटाळ करत होते तेव्हा अक्का म्हणाल्या, "बावीस वर्षं लोकांची पोरं बसवलीत. आता एकदा आपण बसा." त्यावर त्यांनी सही केली.

परीक्षाही नव्या तऱ्हेची होती. लष्करात अधिकारी निवडायला लढाईत वापरली तशी. छापील पुस्तिका, शंभर प्रश्न, साठ मिनिटं. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं तयार, बरोबर असेल त्यावर फक्त खूण करायची. आमच्या आळीत एक पेन्शनर सुभेदार होते, त्यांनी असली परीक्षा जवळून पाहिली होती. ते साडूंना समजावायला आले. "लय सोपं असतंय मास्तर. इचार करायचा न्हाई, खूण करायची आन् फुडं जायाचं." साडूंचा चेहरा पडला. विचार करायचा नाही तर मग परीक्षा कसली, असं ते दोन दिवस म्हणत होते. शेवटी मी स्वतः शंभर प्रश्न तयार केले, घरातलं गजराचं घड्याळ समोर ठेवलं आणि त्यांना रोज सकाळी बसवू लागलो. पहिल्या दिवशी तासात एकतीस प्रश्न झाले, कारण ते चुकीच्या तिन्ही उत्तरांसमोर ती का चूक आहेत हे लिहीत होते. चौथ्या आठवड्यात आकडा ऐंशीच्या वर गेला. चूक जवळजवळ नाही. माझी खात्री पटली, अक्कांची पटली, आणि मला वाटतं, साडूंचीही थोडी पटली होती, कारण त्यांनी शाळेच्या दारावर लावायच्या पाटीसाठी रंगाऱ्याला भाव विचारल्याचं मला नंतर कळलं.

केंद्र सांगलीला होतं. मे महिन्यातल्या रविवारी सकाळी परीक्षा, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. कऱ्हाडला ड्रायव्हर उतरून भट्टी ढोसत होता तेवढ्या वेळात साडूंनी अकरा प्रश्न सोडवले. सांगलीत शाळेच्या हॉलमध्ये साठ उमेदवार बसले. मी व्हरांड्यात खिडकीशी बाकावर बसलो, शेजारी शाळेचा शिपाई. आत पर्यवेक्षक दोन हवेत, पण एकाची मोटार मिरजेकडे कुठेतरी अडकली होती. दुसरा एकटाच होता. पंचविशीतला, घामाघूम झालेला, पुस्तिका वाटताना दोनदा हातातून पाडणारा. आणि तो साडूंचा जुना विद्यार्थी निघाला. साडूंना पाहताच त्यानं खडू खाली ठेवला आणि उभा राहिला. खरं म्हणजे तो आधीच उभा होता. तरी आणखी उभा राहिला.

घंटा झाली. खिडकीतून मला साडूंची पाठ दिसत होती. सत्तावीस मिनिटं ती पाठ हलली नाही, मी घड्याळावर पाहत होतो. मग त्यांची मान किंचित डावीकडे कलली. मी खिडकीतून खाकरलो. पण साठ टाकांतला एक थांबला होता, त्यापुढे माझं खाकरणं कुठे ऐकू येणार. साडू उठले, तीन बाकं मागे गेले, वडूजकडच्या एका धिप्पाड उमेदवाराच्या पुस्तिकेखालून चिठ्ठी काढली आणि टेबलावर नेऊन ठेवली. आता जागेवर जाऊन बसावं की नाही? पण पाय एकदा त्या रांगांमध्ये पडले आणि हात आपोआप पाठीमागे गेले. ते फिरू लागले. तो तरुण मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिला. साडू त्याच्या जवळून गेले तेव्हा तो खुर्चीवर बसला. शाळेतली सवय, दुसरं काय.

शिपायानं मला विचारलं, "ह्ये थोरलं सायेब कवा आलं?" मी म्हटलं, ते साहेब नव्हेत, परीक्षेला बसलेत. तो हसला. "बसल्यात कुठं? उभं हायती की." आणि त्यानं जाऊन पर्यवेक्षकाचा चहा साडूंच्या हातात दिला. साडूंनी तो रांगांवरची नजर न काढता प्यायला. मी खिडकीच्या गजांतून हात घालून खुणा केल्या, घड्याळ दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेरच्या माणसाकडे पर्यवेक्षक जसा पाहतो तसं पाहून खिडकीचं दार लावून घेतलं.

पुढचं मला ऐकूनच समजलं. त्यांनी "शेवटची पाच मिनिटं, नाव आणि नंबर तपासा" असं सांगितलं. घंटा झाल्यावर पुस्तिका गोळा केल्या, नंबरवार लावल्या आणि मोजल्या. एकोणसाठ. पुन्हा मोजल्या. एकोणसाठ. बावीस वर्षांत एकही पेपर हरवू न दिलेला माणूस तो. त्यांनी आवाज चढवून सांगितलं, "ज्यानं पेपर दिला नसेल त्यानं ताबडतोब उभं राहावं." सगळे बसून होते. हॉलमध्ये उभे असलेले ते एकटेच होते.

तेवढ्यात मी दारातून आत आलो होतो. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला, त्याबद्दल लिहिणार नाही. तो तरुण पुढे आला आणि अगदी हळू म्हणाला, "सर, तुमचा राहिलाय. बसा तुम्ही. अर्धा तास देतो मी." वडूजचा तो धिप्पाड गडी मागून म्हणाला, "बसू द्या की मास्तरास्नी. आमी गप ऱ्हातो." एकोणसाठांतल्या एकानंही हरकत घेतली नाही. साडूंनी आपल्या बाकाकडे पाहिलं. अक्का, पाटी, सहा वर्षं, सगळं त्या बाकावर उघडं पडलेलं होतं. मग ते म्हणाले, "घंटा झाली."

त्यांनी जाऊन आपली पुस्तिका मिटली, आतल्या पानावर नजर पडू न देता, आणि गठ्ठ्यात आपल्या नंबरावर लावली. निघताना त्यांनी वडूजच्या गड्याला चिठ्ठी परत दिली. तिच्यात भूमितीची सूत्रं होती, जी त्या परीक्षेत कुठेच नव्हती. शिवाय दोन चुकलेली होती, ती साडूंनी दुरुस्त केली होती.

परतीच्या मोटारीत इस्लामपूर आलं. तेव्हा साडू म्हणाले, "तो पोरगा एकटा होता हो. साठ माणसं आणि तो एकटा." मला राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. निकालाचं पत्र आलं तेव्हा मी आकडे मांडले. सोडवलेले प्रश्न एक्केचाळीस, बरोबर एक्केचाळीस. त्याच चालीनं साठ मिनिटांत एक्याण्णव झाले असते. शेवटचा निवडलेला उमेदवार बासष्टांवर घेतला होता. हा हिशेब मी त्यांना दाखवला नाही. अक्कांना दाखवला. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यांना त्या पोराला तसं सोडून बसवलं असतं का हो? तुम्हीच सांगा."

जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून मनीऑर्डर आली, साडेतीन रुपयांची. कुपनावर त्या तरुणानं लिहिलं होतं की पर्यवेक्षणाचा भत्ता मिळाला, पण काम मी केलं नाही, तरी सरांनी स्वीकारावा. साडूंनी पोस्टमनला तीन दिवस परत पाठवलं. उमेदवाराला भत्ता घेता येतो का, याचा नियम ते शोधत होते. असा नियम कुणी केलेलाच नव्हता, कारण असा उमेदवार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी सही केली.

शाळा उघडली त्या दिवशी नवे मुख्याध्यापक आले, बी.टी. झालेले, वय अठ्ठावीस. स्वागताचा खर्च करायला शाळेच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती आणि शिक्षकांकडून वर्गणी काढणं साडूंना पसंत नव्हतं. ते मला बरोबर घेऊन सकाळी पेठेत गेले. हार निवडताना त्यांनी दोनदा बदलून घेतला. फुलं सारख्या अंतरावर ओवलेली नव्हती. अकराला पाच मिनिटं कमी असताना ते शाळेच्या दारात उभे होते, पायात वहाणा, हात पुढे. त्या मुलाच्या गळ्यात हार घालताना त्यांना थोडं वाकावं लागलं, कारण तो उंचीनं त्यांच्यापेक्षा कमी होता. मग त्यांनी त्याला आत नेऊन खुर्ची दाखवली, घड्याळ तीन मिनिटं मागे पडतं हे सांगितलं, आणि चौथीच्या वर्गाचा तास सुरू झाला होता म्हणून निघून गेले.

हारवाल्याला बारा आणे दिले. कंदी पेढेवाल्याला दोन रुपये बारा आणे. बेरीज साडेतीन रुपये.