डॉक्टरांचा टॉस

"आता जरासं दुखंल. पण सांगून दुखंल," असं म्हणूनच डॉक्टर हिरडीला सुई टोचायचे. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि अर्ध्या वस्तीच्या दाढा त्यांनी अशा सांगून सांगून उपटल्या. ओरडणारा पेशंटही त्यांच्यावर चिडायचा नाही, कारण बिचाऱ्याला आधी कल्पना दिलेली असायची. स्वतःचं दुखणं मात्र या माणसानं कित्येक आठवडे कुणाला सांगितलं नाही.

सिडकोत आमच्या कॉलनीत एक टेनिस कोर्ट आहे. सिमेंटचं, दोन ठिकाणी तडे गेलेलं, एका कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला झडणारं. टीव्हीवर हार्ड कोर्टचा, म्हणजे असल्याच टणक कोर्टांचा, हंगाम येतो आणि जातो, आमचा बारमाही असतो. रोज सकाळी आम्ही चौघं खेळायचो. डॉक्टर, वीज खात्यातून निवृत्त झालेले भालेराव, शाळेत गणित शिकवणारे सिद्दिकी सर आणि मी. मी कॉलेजात भूगोल शिकवायचे, त्यामुळे सगळ्यांना दिशा दाखवायची खोड. जोड्या ठरलेल्या होत्या. डॉक्टर आणि मी एका बाजूला, ते दोघं जाळीच्या पलीकडे.

तुमच्या ओळखीत टेनिसचे शौकीन असतील तर त्यांनाही एकेरीचंच वेड असणार. डॉक्टरांना एकेरीत काडीचा रस नव्हता. "एकट्यानं पळायचं, एकट्यानं कप उचलायचा, त्यात काय गंमत?" असं ते म्हणायचे. त्यांचं प्रेम डबल्सवर. डबल्समध्येही एकाच गोष्टीवर, ती म्हणजे दोघांच्या मधोमध येणारा चेंडू.

"मधल्या चेंडूला आई-बाप नसतात, मॅडम. तुम्हाला वाटतं माझा, मला वाटतं तुमचा, आन तो जातो बेवारस. म्हणून आधी बोलायचं. 'मी' म्हणा नायतर 'तू' म्हणा, पण बोला."

त्यामुळे आमच्या कोर्टवर सकाळी सकाळी "मी, मी", "तू, तू" असा गलका चालायचा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी, तुमच्याकडे रोज भांडण कशावरून होतं, असं मला भाजीच्या गाडीवर विचारलंही होतं.

खेळ झाला की चहाची टपरी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेत रात्रीचे सामने चालतात तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. सिद्दिकी सर बिस्किटांच्या बरणीला टेकवून फोन उभा करायचे आणि आमची खरी मॅच तिथे सुरू व्हायची. नव्या पोरांपैकी कोण वर जाणार, कोण दोन वर्षांत विझणार, यावर आम्ही छातीठोकपणे बोलायचो. आमचं कुणी ऐकत नव्हतं म्हणून बरं.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एक उंचच उंच पोरगा होता. परदेशी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून भालेरावांनी आपल्या खात्याला स्मरून त्याला 'खांब' म्हणायला सुरुवात केली. सिद्दिकी सर खांबावर फिदा होते. भालेरावांचा जीव एका डावखुऱ्या पोरीवर. डॉक्टर मात्र कोपऱ्यातल्या कोर्टवरच्या, प्रेक्षक नसलेल्या डबल्स शोधत बसायचे.

"डॉक्टर, तुमचं काय मत? खांब पुढं जाणार का नाय?" भालेराव विचारायचे.

"त्याला एकदा डबल्स खेळताना बघू द्या. चुकल्यावर पोरगं जोडीदाराकडं बघतंय का जमिनीकडं, तेवढं कळलं की सांगतो."

एका सकाळी खांब खरोखरच डबल्स खेळताना दिसला. सोपा चेंडू त्यानं जाळीत घातला आणि लगेच जोडीदाराकडे वळून काहीतरी बोलला. डॉक्टरांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि निकाल दिला, "जाईल. लई पुढं जाईल." त्या दिवशी सिद्दिकी सरांनी सगळ्यांना क्रीमरोल खाऊ घातले.

याच दिवसांत डॉक्टरांचा टॉस बिघडला. सर्व्हिस करताना डाव्या हातानं चेंडू वर उडवतात, तो टॉस. डॉक्टरांचा टॉस एरवी सरळ वर जायचा. आता तो कधी डोक्यामागे, कधी पार माझ्या दिशेनं. ते चेंडू सोडायचे, "सॉरी, मॅडम," म्हणायचे, पुन्हा उडवायचे, पुन्हा सोडायचे. कधीकधी एका सर्व्हिसला इतका वेळ लागायचा की पलीकडे भालेराव बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधून घेत.

आता आम्ही पडलो टेनिसचे पंडित. रोग ओळखायला आम्हाला कितीसा वेळ लागणार? योगायोगानं खांबानंही त्याच हंगामात आपली सर्व्हिस बदलली होती आणि समालोचक तासन्‌तास त्याच्या टॉसवर बोलत होते. झालं. सिद्दिकी सरांनी डॉक्टरांना शिकवणी लावली.

"डॉक्टरसाब, टॉस जरा नीचे रखो ना. कल खांब को देखे नै क्या? एकदम नीचे."

भालेरावांचं म्हणणं वेगळं. "नाय नाय. मनगट मोडतंय तुमचं. हात काठीसारखा ठेवा."

मी म्हणाले, चेंडू बोटांच्या टोकांवर धरा. तिघांनी तीन दिशांना ओढलं. डॉक्टर मात्र सगळ्यांचं ऐकायचे. इतके हौसेनं ऐकायचे की मला नवल वाटायचं. खेळ संपल्यावर एकटेच कोर्टवर थांबून चेंडू उडवत राहायचे. आणखी एक म्हणजे ते बारीक झाले होते. आम्ही त्याचंही कौतुक केलं. "डॉक्टर, एकदम फिट," असं आम्ही तिघंही म्हणालो, आणि ते नुसते हसले. टपरीवर चहा घेणंही त्यांनी सोडलं. पित्त होतं म्हणाले. आम्ही म्हटलं, खेळासाठी पथ्य पाळताहेत, माणूस जिद्दीचा आहे.

सप्टेंबरात माझी दाढ दुखायला लागली. दवाखान्यात गेले, खुर्चीत बसले, तोंड उघडलं. डॉक्टरांनी तो लांब दांडीचा छोटा आरसा तोंडात घातला आणि तो माझ्या दातांवर टकटक वाजायला लागला. त्यांनी तो काढला, पुन्हा घातला. पुन्हा टकटक. मग त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि स्टूल मागे सरकवलं.

"मॅडम, ही दाढ मी नाय काढत. एका डॉक्टर पोरीकडं पाठवतो तुम्हाला, हात चांगला हाय तिचा."

"आणि तुमच्या हाताला काय झालं?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती.

"ह्यो टॉस नाय, मॅडम. हे आप्पांचं हाय."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. फर्दापूरला लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना स्फटिकाचे दगड विकायचे. त्यांना कंपवात झाला. आधी कागदात बांधताना दगड हातातून निसटायला लागले, मग कप निसटायला लागला. शेवटी शेवटी डॉक्टरांची आई बशी ओठाला लावून आप्पांना चहा पाजायची, आणि गिऱ्हाईक आलं की आप्पा तोंड फिरवून बसायचे. डॉक्टर हे सगळं सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, ट्रेमधली हत्यारं सरळ करत होते.

"वहिनींना सांगितलंत?"

"नाय."

"मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाय. दाखवलं की खरं होतंय, मॅडम. तुम्ही समदे टॉस टॉस म्हणत होता ना, मला लई बरं वाटायचं. म्हणलं, असंलही. टॉसच असंल."

मी स्वभावानं फटकळ आहे. दाढ ठणकत होती, त्यामुळे जरा जास्तच. मी म्हणाले, "डॉक्टर, आमच्या कानी-कपाळी मधला चेंडू ओरडता आणि स्वतःच्या घरात गप्प बसता? आज घरी बोला. नाहीतर उद्या मी येऊन बोलते."

"येऊ नका. मीच बोलतो," ते म्हणाले.

ते बोलले. दुसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन आला. आवाज रडून बसलेला होता, पण बोलणं मोकळं होतं. "ताई, माझ्यासमोर चहा घेणं बंद केलं होतं ह्यांनी. कप उचलून गच्चीवर जायचे. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. रुसलेत म्हणलं. आता कळलं तर रडावं का हसावं, समजंना."

आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो, सिद्दिकी सरांच्या गाडीत दाटीवाटीनं बसून. मेंदूच्या डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या. त्यांनी डॉक्टरांना चालायला लावलं, अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं, हात मांडीवर ठेवायला लावले, मग समोर ताणून धरायला लावले. वजन कमी झालं का, उकडतं का, छातीत धडधडतं का, असं विचारलं. या सगळ्याला डॉक्टर होय म्हणाले आणि रात्री झोपही लागत नाही, असं वहिनींनी जोडलं. बाईंनी फक्त "रक्त द्या, रिपोर्ट घेऊन संध्याकाळी या," एवढंच सांगितलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

तो दिवस काही सरेना. कुणी घरी जायला तयार नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर आणि वहिनी आत गेले आणि आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. सिद्दिकी सरांनी फोन काढला. आदल्या दिवशीचा डबल्सचा सामना पुन्हा दाखवत होते. आम्ही तिघांनी त्या फोनकडे एकटक पाहिलं आणि तो सामना कुणी जिंकला ते आमच्यापैकी एकालाही आज सांगता येणार नाही.

आधी वहिनी बाहेर आल्या. पदर तोंडाला लावलेला. भालेराव उभे राहिले.

"नाय म्हणल्या," वहिनी कशाबशा बोलल्या. "ते नाय. आप्पांचं नाय. थायरॉइड वाढलंय. त्याच्यानंच हात कापतोय, त्याच्यानंच वजन गेलं. गोळ्यांनी बरं होतं म्हणल्या."

सिद्दिकी सरांनी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. भालेराव पुन्हा बाकावर बसले आणि मला म्हणाले, "आन आपण फिट म्हणत होतो." मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. दाढेचं दुखणं दिवसभरात एकदाही आठवलं नव्हतं, ते तेव्हा आठवलं.

पुढे गोळ्या लागू पडल्या. काही महिन्यांत हात शांत झाले, डॉक्टर पुन्हा दाढा काढायला लागले, कोर्टवर पुन्हा ओरडायला लागले. मग पुण्यातल्या त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं, नातू झाला आणि दवाखाना त्या चांगल्या हाताच्या पोरीला देऊन दोघं पुण्याला गेली. आता माझ्या बाजूला कधी हा, कधी तो उभा असतो. मधला चेंडू निघून जातो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहतो. खांब तेवढा खरोखर पुढे गेला.

पण मला डॉक्टर आठवतात ते त्या संध्याकाळचे. दवाखान्याबाहेर जालना रोडला एक चहावाला होता. डॉक्टर सरळ त्याच्याकडे गेले आणि कपबशीत चहा मागितला. गोळ्या अजून घ्यायच्याच होत्या, त्यामुळे हात होता तसाच होता. कप बशीवर खडखडत होता, चहा बशीत सांडत होता, शर्टावर थेंब पडले. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. वहिनी कप धरायला पुढे झाल्या तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि आम्हा सगळ्यांसमोर उभं राहून, अगदी सावकाश, तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

मग रिकामा कप पुढे करून म्हणाले, "आणखी एक द्या."