किडनीची राखण

मला देवानं दोन किडन्या दिल्या. त्यातली एक झरीला, सासरी, माझ्याजवळ असते. दुसरी मानवतच्या पलीकडं, माझ्या माहेरी, माझा धाकटा भाऊ भानू याच्या पोटात असते. दोघींचं बरं चाललंय.

भानूच्या दोन्ही किडन्या पस्तिशीतच बंद पडल्या. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, आणि जुळली ती माझीच. (आम्हा बहीणभावाचं लहानपणापासून एकाही गोष्टीवर जुळलेलं नव्हतं. जुळायला नेमकं हे सापडलं!) ऑपरेशन झालं, किडनी चालू झाली, आणि घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला, भानूला आणि त्याच्या बायकोला, सुमनला, समोर बसवलं.

म्हणाले, "किडनी बसवणं आमचं काम होतं, ते झालं. टिकवणं तुमचं. शरीर तिला परकी समजून हाकलायला बघतं, म्हणून औषधं देऊन आपण या माणसाची ताकद मुद्दाम कमी केलीय. त्यामुळं दुसऱ्याची साधी सर्दीसुद्धा याला जड जाईल. सहा महिने गर्दी नको, खोकणारं माणूस नको, कच्चं खाणं नको. पाणी उकळून. औषध सकाळी आठ, संध्याकाळी आठ. वेळा चुकल्या, तर किडनी जाईल."

"आणि गेली तर?" मी विचारलं.

"मावशी, तुमच्याकडं आता एकच उरलीय."

बस्स! मी झरीला मालकांना निरोप धाडला की सहा महिने भाकरी स्वतः थापा, मी माहेरी राहणार आहे. माल माझा, तर राखणही माझीच.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. आज मोर्चा, उद्या बंद, आणि सकाळची एस.टी. डेपोतून निघेल का नाही ते ड्रायव्हरलासुद्धा माहीत नसायचं. म्हणून दोन महिन्यांचं औषध आधीच आणून मी पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. घड्याळ आणलं. भानूची लघवी मोजायला डॉक्टरांनी मापाची बरणी दिली होती, ती ओट्यावर मांडली. सगळी तयारी झाली. एक गोष्ट तेवढी डॉक्टरांच्याही ध्यानात आली नव्हती आणि माझ्याही. ती म्हणजे आमचं गाव.

आमच्याकडं माणूस मुंबईच्या दवाखान्यातून जिवंत परत आला की त्याच्या समाचाराला जावंच लागतं. न जाणारा माणूस पुढं कुणाच्या लग्नात ताठ मानेनं जेवू शकत नाही. त्यात भानूच्या पोटात बाईची किडनी! पाच-पाच कोसांवरून बैलगाड्या सुटल्या. येणारा प्रत्येक जण भानूला मिठी मारायचा, कपाळाला अंगारा लावायचा, उरलेला त्याच्या तोंडात घालायचा, आणि शेतातनं उपटून आणलेले हरभऱ्याचे ढाळे मातीसकट त्याच्या मांडीवर ठेवायचा. औषधांनी भानूचं तोंड सुजून परातीएवढं झालं होतं. लोक म्हणायचे, "तब्येत बाकी झकास सुधारली!"

मी दारात पाट टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "सर्दी-खोकला हाय का?"

"न्हाई बा!" असं म्हणून माणूस आत जायचा आणि भानूच्या तोंडावर खोकायचा.

आमचे चुलते दत्तूकाका तर दारातच वाकून खोकायला लागले. मी आडवी झाले.

"काका, आत जाऊ नका. तुमाला खोकला हाय."

"कोण म्हणतं?" काका दम घेऊन म्हणाले. "मला खोकला न्हाई, दमा हाय!"

आणि गेले आत.

शेजारच्या गिरजाकाकूंचं नाक वाहत होतं. म्हटलं, काकू, बऱ्या झाल्यावर या. तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "अंगात ताप असून आले गं माय, भानूसाठी! आणि तू मला दारातनं वापस लावायलीस?" म्हणजे जितकं दुखणं मोठं, तितकं येण्याचं पुण्य मोठं! चार दिवसांत मी निम्म्या गावाशी भांडले, आणि उरलेलं निम्मं गाव ते भांडण मिटवायला आमच्या घरात येऊन बसलं.

पाचव्या दिवशी भानू एकदा शिंकला. नुसता एकदा. माझ्या पोटात, जिथं काही उरलं नव्हतं नेमकं तिथं, कळ आली.

आणि मला युक्ती सुचली. (मला युक्ती सुचली की आमचे मालक झरीचं घर सोडून पारावर जाऊन बसतात. पण ते नव्हते ना तिथं!)

आमच्याकडं घरात कुणाला गोवर, कांजण्या निघाल्या की म्हणतात, देवी आली. मग दाराला कडू लिंबाचे डहाळे टांगायचे. लिंब दिसला की परका माणूस उंबरा ओलांडत नाही. कुणाला आली, किती आली, कुणी विचारायचं नाही. विचारलं तर देवी कोपते. असा बंदोबस्त पोलिसांनासुद्धा जमायचा नाही! मी पहाटे उठले, परसातल्या लिंबाचे चांगले हिरवेगार डहाळे मोडले आणि चौकटीला बांधून टाकले.

सुमन घाबरली. "अक्का, देवीच्या नावानं खोटं?"

"मी कुठं काय बोलले? मी लिंब टांगला. लिंब आपल्या परसातला, दार आपलं."

"पण अक्का..."

"देवी बी बाईच हाय. भावाची काळजी तिला कळती. पाणी उकळलं का?"

दोन दिवस घरात अशी शांतता होती की घड्याळाचं टकटक ऐकू यायचं. गाड्या वेशीपर्यंत यायच्या, लिंबाची बातमी ऐकायच्या आणि माघारी वळायच्या. भानू पोटभर झोपला. माझ्या हुशारीवर मीच खूश!

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दारात चिखल. गावातल्या झाडून सगळ्या बाया ओल्या केसांनी घागरी घेऊन आल्या होत्या आणि देवी थंड व्हावी म्हणून आमच्या उंबऱ्यावर पाणी ओतत होत्या. पुढं गिरजाकाकू, नाक वाहतंच. दहीभाताच्या सोळा वाट्या ओट्यावर मांडलेल्या. आत कुणी येत नव्हतं, हे खरं. पण उंबऱ्यावर बसून आरत्या म्हणायला आडकाठी नव्हती.

"परक्याची किडनी घातली म्हणून देवी कोपली," कुणीतरी म्हणालं.

"परकी कशी?" मी आतनं ओरडले. "माझी हाय!"

हे सगळं गावातल्या गावात जिरलं असतं. पण शाळेच्या भिंतीवर सरकारनं फार पूर्वी रंगवलं होतं की देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. तो रोग देशातून जाऊन वर्षं झाली. भिंत पुसायची तेवढी राहिली होती. ती कुणीतरी नव्यानं वाचली. दुपारी आरोग्य केंद्राचा कर्मचारी सायकल हाणत, घामाघूम होऊन दारात.

"मावशी, देवीचा रोग देशातनं गेलाय! तसं वर लेखी कळवलंय आमी! तुमच्या घरी कसा काय आला?"

"आला न्हाई, बापा."

"मग लिंब कामून टांगलाय?"

मी त्याला मागच्या दारी नेऊन सगळं खरं सांगितलं. तो बिचारा डोकं धरून बसला. वही काढली. "पण मला भेटीचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिहा, दातणासाठी वाळत घातलाय."

त्यानं तसं लिहिलं. माणूस भला. जाताना मला मदत करावी म्हणून तो ओट्यावर उभा राहिला आणि जमलेल्या बायांना खड्या आवाजात म्हणाला, "मी स्वतः तपासलंय! या घरात आता कुणाला काही न्हाई! एक फोडसुद्धा न्हाई!"

मला वाटलं, आता उघडं पडलं. पण गिरजाकाकूंनी हात जोडले.

"तीन दिवसांत उतरली! माय माय! लय कडक देवी हाय या घराची!"

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत मळ्याच्या वस्तीवरची शेवंता आली. कडेवर दोन वर्षांची लेक. "अक्का," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुमच्या घरातली तीन दिवसांत उतरली. माझ्या लेकराच्या अंगावर चार दिवस झाले, उतरंना. जरा उंबऱ्यावर टेकवू द्या." असं म्हणून तिनं पोरगी माझ्या हातात दिलीसुद्धा! पोरगी तापानं फणफणलेली, अंगभर कांजण्यांचे ताजे फोड. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर नाक पुसलं.

आतल्या खोलीत, दहा पावलांवर, भानू दुधातून औषध घेत होता.

ज्या दुखण्याचं सोंग केलं तेच मी आमंत्रण देऊन, पाणी ओतून, दहीभात दाखवून दारात आणलं होतं! मी तिथूनच ओरडले, "सुमन, मधलं दार लाव! भानूला मागच्या दारानं शेतातल्या आखाड्यावर, खोपीत ने. औषधाची पेटी घे, बरणी घे, चूल तिथंच मांड. माझ्याजवळ येऊ नका!"

शेवंताला आधी त्या आरोग्य केंद्राकडं लावून दिलं. मग मी एकटी मानवतच्या पोस्टात गेले, मुंबईला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला.

"याला लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. लय आलत्या. पाठीवर वण हायेत."

"मग बराच धोका टळला. आणि तुम्हाला?"

"मला न्हाई. तेव्हा मला आत्याच्या गावी धाडलं होतं."

"मग मावशी, त्या मुलीपेक्षा आता धोका तुमचा. तीन आठवडे त्याच्या आसपाससुद्धा जायचं नाही. त्याला ताप आला, एक जरी फोड दिसला, तर त्याच दिवशी गाडीत बसवा."

तीन आठवडे. भानू आखाड्यावर, मी गावात घरी, मधे तुरीचं शेत. रोज संध्याकाळी मी एका बांधावर उभी राहायचे आणि सुमन दुसऱ्या बांधावर.

"ताप?" मी ओरडायचे.

"न्हाई!"

"फोड?"

"न्हाई!"

"औषध?"

"आठला दिलं!"

"लघवी किती?"

"दोन लिटर!"

तूर कापणाऱ्या बायांनी पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावले. तिसऱ्या दिवशी त्या काम थांबवून ऐकायला लागल्या. आठव्या दिवशी सुमननं "दीड!" म्हटलं तर सगळ्या शिवारात चिंता पसरली. दत्तूकाका पारावरून खोकत खोकत बांधापर्यंत आले, म्हणाले, "पाणी कमी पीत असेल, ओरडून सांग त्याला!" दुसऱ्या दिवशी "सव्वादोन!" आलं तेव्हा गड्यांनी विळे वर करून आरोळी दिली. गावाला रोजच्या रोज समाचार मिळत होता, तोही मापासकट. मग आखाड्यावर जायची कुणाला गरजच उरली नाही. हे मला आधी सुचलं असतं, तर परसातला लिंब बोडका करावा लागला नसता.

पंधराव्या दिवशी मला कांजण्या निघाल्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईला, नाकाच्या शेंड्यापासून तळपायापर्यंत. गिरजाकाकूंनी बाहेरूनच बघितलं आणि हळहळल्या, "उतरलेली परत आली बघ. कायतरी चुकलं असंल तुझं."

मी म्हटलं, "न्हाई हो काकू, काय चुकणार?"

मी खाजवत पडून राहायचे आणि मनात एकच चाललेलं. अंगावर अजून हजार फोड येऊ देत, तिकडं आखाड्यावर एक नको. निरोप यायचा तोपर्यंत घास उतरत नव्हता. आता बांधावर माझ्या जागी दत्तूकाका उभे राहायचे आणि येऊन अंगणातून सांगायचे, "ताप न्हाई, फोड न्हाई, दोन लिटर!" दमेकरी माणूस, पण त्या दिवसांत त्यांचा आवाज मला सनईपेक्षा गोड लागला.

तीन आठवडे संपले. भानूला काहीही झालं नाही. माझ्या खपल्या पडायच्या राहिल्या होत्या, म्हणून तो आणि सुमन दोघंच तपासणीला मुंबईला गेले. चार दिवसांनी परत आले ते हसतच. सुमन पदरात तोंड लपवून आधी चुलीकडं पळाली. मी ओट्याच्या एका टोकाला, भानू दुसऱ्या टोकाला.

"किडनी कशी हाय?" मी विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास! डॉक्टर म्हणले, इतका चांगला रिपोर्ट आजवर आला नव्हता तुझा. रक्तदाबसुद्धा पहिल्यांदाच खाली आला. म्हणले, या तीन आठवड्यांत काय वेगळं केलंत?"

माझा ऊर भरून आला. एवढी राखण, एवढी जागरणं! "मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हणलं साहेब, बाकी सगळं तेच, फक्त अक्का जवळ नव्हती."

"मग?"

भानूनं डॉक्टरांचा नवा कागद माझ्याकडं सरकवला. खरंच लिहून दिलं होतं, सगळ्या गोळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत: बहीण, महिन्यातून एकदा. जेवणाआधी का जेवणानंतर, ते तेवढं लिहायचं राहिलं होतं.